गिरणीच्या गावातला पणजोबा: कागदांतून माणूस कसा शोधायचा

“पणजोबा गिरणीत होते.” बहुतेक घरांत त्या माणसाबद्दल एवढंच एक वाक्य उरलेलं असतं. कुठल्या खात्यात होते, कुठल्या गावाहून आले, शेत कुणाकडे राहिलं, हे सांगणारं माणूस आता घरात नसतं.

इथे मुंबईच्या गिरणगावाबद्दल लिहिलेलं नाही. अमळनेर, चाळीसगाव, पुलगाव, हिंगणघाट, बडनेरा, अचलपूर, बार्शी अशा कसब्यांतल्या कापडगिरण्यांत राबलेल्या माणसांचा माग कसा काढायचा, ते सांगायचं आहे. कोकणातून परळला गेलेल्या माणसाचे कागद दोनशे मैलांवर विखुरलेले असतात. कसब्यातल्या गिरणीचा कामगार बहुतेक वेळा पाच-दहा कोसांवरच्या खेड्यातला. त्याचं गाव आणि त्याची गिरणी पुष्कळदा एकाच तालुक्यात, निदान एकाच जिल्ह्यात येतात. शोधणाऱ्याला ही मोठी सोय आहे, पण तिचा फायदा घेणारे थोडे.

कारण सगळे आधी गिरणीच्या फाटकाशी जातात. तिथे मस्टर मिळेल, मस्टरात नाव मिळेल, असं वाटतं. गिरणी बंद पडली तेव्हा लोखंड भंगारात गेलं आणि वह्या रद्दीत. जे राहिलं ते वाळवीने खाल्लं. समजा मस्टर मिळालंच, तरी त्यात “रामा सखाराम, रिंग खातं, तिकीट नंबर अमुक” याहून जास्त काही नसतं. त्या नावाचे चार कामगार एका पाळीला असायचे. गिरणी माणसाला नंबराने ओळखायची आणि गाव बापाच्या नावाने. तेव्हा दोन्ही ओळखी एकत्र लिहिलेला एखादा कागद हाती लागला की काम फत्ते. असा कागद बहुतेक वेळा गावाच्या बाजूलाच सापडतो.

आधी “गिरणी” म्हणजे काय ते ठरवा

घरातले लोक “गिरणी” म्हणतात तेव्हा कापडगिरणीच अभिप्रेत असते असं नाही. कापूसपट्ट्यात सरकी काढणारी जिन आणि गाठी बांधणारी प्रेस यांनाही सर्रास गिरणी म्हणत, आणि पिठाची गिरणी तर आहेच. फरक ओळखायला दोन-तीन खुणा पुरतात. जिन हंगामी असते. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की सुरू, उन्हाळ्याच्या तोंडाला बंद. तेव्हा “पावसाळ्यात शेतावर, थंडीत गिरणीत” असं कुणी सांगत असेल तर ती जिन समजा. रात्रपाळी, बारमाही काम, चाळीतली खोली, पगारी हप्ता, बदली, जॉबर (माणसं भरती करणारा मुकादम) हे शब्द आले तर कापडगिरणी. जिनमधल्या हंगामी मजुरांचे कागद जवळपास उरलेले नाहीत, म्हणून हे पहिल्या दिवशीच ठरवलेलं बरं.

घरातला ऐवज

ट्रंक, माळा, देवघराचा खालचा कप्पा, पोथीची शेवटची कोरी पानं. काय शोधायचं? गिरणीचा पितळी बिल्ला, पी.एफ.ची वार्षिक चिठ्ठी, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, जुनं रेशनकार्ड, लग्नपत्रिका, स्टुडिओचा शिक्का असलेले फोटो. पोथीच्या मागे मुलांच्या जन्मतिथी लिहिण्याची चाल होती. ती नोंद बाकी कुठल्याही सरकारी कागदापेक्षा भरवशाची, कारण ती त्याच आठवड्यात लिहिलेली असते.

भांडी मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. लग्नात आलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि पुष्कळदा साल कोरलेलं असतं. घागरीच्या गळ्याखाली, परातीच्या काठाला, तांब्याच्या बुडाशी बघा. मामाच्या गावाचं नाव सापडतं ते इथे. अक्षर बुजलं असेल तर राखेने घासू नका, उरलंसुरलंही जाईल. भांडं नुसतं पाण्याने धुवून वाळवा, कोरलेल्या जागी रांगोळीची पूड बोटाने चोळा आणि वरची पूड कापडाने हलकेच पुसून घ्या. पूड खाचांत बसते आणि अक्षर पांढरं उठून दिसतं. फोटो काढताना दिवा समोरून धरायचा नाही, बाजूने धरायचा. बिल्ल्याचंही तसंच. त्याला पॉलिश करू नये.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारावं

“आजोबांचा जन्म कधीचा?” या प्रश्नाला उत्तर येत नाही, आणि आलं तर चुकीचं येतं. त्यांच्या आठवणीतल्या खुंटीला सन बांधून विचारा. “छप्पन्नच्या दुष्काळात ते केवढे होते?” हा संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ. प्लेग म्हणजे १८९६ नंतरची काही वर्षं. “मानमोडी” म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्या साथीत घरातलं कोण गेलं हे बहुतेक म्हाताऱ्यांनी ऐकलेलं असतं. पुढच्या पिढीसाठी गांधीजींची हत्या, कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ.

बायकांना वेगळं विचारा, आणि पुरुष समोर नसताना विचारा. पुरुष गिरणीचं आणि संपाचं सांगतात, बायका गावाचं सांगतात. जावळ कुठे काढलं, देवक काय, कुलदैवताला कुठल्या वाटेने जायचे, वाटेत मुक्काम कुणाकडे असायचा, सुनांची माहेरं कुठली. सोयरिकी बहुधा ठराविक पट्ट्यात होत. सात-आठ माहेरांची गावं नकाशावर टिंबांनी मांडली की मूळ गाव बहुधा त्यांच्या मधोमध पडतं. नुसत्या कुलदैवतावरून मात्र निष्कर्ष काढू नका. सप्तशृंगी किंवा माहूरची रेणुका हे अर्ध्या मुलखाचं कुलदैवत आहे.

नाव कसं वाचायचं

१९३०-४० पूर्वीच्या कागदांत आडनाव असेलच असं नाही. “रामा बिन सखाराम माळी” यात “माळी” आडनाव नसून जात असू शकते. बिन किंवा वल्द म्हणजे मुलगा. खानदेश-विदर्भात वल्द जास्त दिसतं. बाईच्या नावापुढे कोम, जोजे, मर्द किंवा “भ्र.” आलं की त्यापुढचं नाव नवऱ्याचं. बेवा म्हणजे विधवा. “अ. पा. क.” म्हणजे अज्ञान पालनकर्ता, याचा अर्थ वारस तेव्हा अल्पवयीन होता. “ए. कु. मॅ.” म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर.

आणि सगळ्यांत कामाची अक्षरं: “हल्ली मु.” म्हणजे हल्ली मुक्काम. गाव सोडून गिरणीत गेलेल्या माणसाच्या नावापुढे तलाठी किंवा कुलकर्णी हे लिहून ठेवायचा. शोधायचा तो जोडणारा कागद हाच.

आडनाव साधारण मुलांना शाळेत घालताना पक्कं झालं. त्यामुळे सख्ख्या भावांची दोन आडनावं निघणं अगदी सामान्य आहे. गावात राहिलेला “पाटील” आणि कसब्यातल्या मास्तरांनी गावावरून लिहिलेला “अमुककर”.

महसुली कागद: सातबाऱ्यावरून मागे जायचं

गावात आजही भाऊबंदांची जमीन असेल तर तिथून सुरुवात करा. आताचा ८-अ (एका खातेदाराची गावातली सगळी जमीन दाखवणारा उतारा) आणि सातबारा घ्या. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक. प्रत्येक फेरफार गाव नमुना ६ च्या वहीत सविस्तर लिहिलेला असतो: कोण मेलं, वारस कोण, वाटणी कशी झाली, जमीन कुणाला विकली. त्या फेरफाराने आधीच्या धन्याचं नाव कळतं. मग त्या नावाचा जुना सातबारा, त्यावरचा फेरफार, आणि असंच मागे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कंसात घातलेलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव. लोक कंस बघून ते नाव सोडून देतात आणि पूर्वज नेमका तिथेच बसलेला असतो.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, तेव्हा खानदेश, सोलापूरकडे फेरफारांची साखळी फार तर तिथवर जाते. विदर्भात, जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, नमुने वेगळे. तिथे १९५४-५५ चा “अधिकार अभिलेख” मागा. मराठवाड्यात त्याच सुमाराची खासरा पाहणी पत्रकं मिळतात. पुष्कळ तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन “आपले अभिलेख” या सरकारी संकेतस्थळावर आलेले आहेत. नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा.

एक फेरफार जवळून बघू. नावं नमुन्यादाखल घेतली आहेत, पण नोंदीची तऱ्हा हीच:

“खातेदार सखाराम वल्द गोविंदा हे सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे १) रामा वय ३० हल्ली मु. अमळनेर २) दगडू वय २२. एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून दगडू सखाराम यांचे नाव दाखल. रामा यांची हरकत नाही. ता. १४-२-१९३४.”

या तीन ओळींत काय काय आहे बघा. सखाराम १९३२ च्या आसपास गेला. रामाचा जन्म १९०४ च्या मागेपुढे. “वय ३०” हा अंदाज असतो, पाच वर्षं इकडेतिकडे धरा. रामाच्या आजोबाचं नाव गोविंदा. आणि मुख्य म्हणजे थोरला गिरणीत असल्याने सातबाऱ्यावर धाकट्याचं नाव चढलं. म्हणजे रामाच्या नावाने सातबारा शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही आणि “आमची जमीन नव्हती” असं तो समजून चालेल. गिरणी कामगारांच्या बाबतीत हे वारंवार होतं. म्हणून शोध नेहमी भावाच्या आणि बापाच्या नावानेही घ्या. वारसांत मुलींची नावं दिसली तर नोंद बहुधा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरची.

जमीन नव्हतीच, तर? वतन, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेला वंशपरंपरागत हक्क, होतं का बघा. महार वतन आणि इतर कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने गेली, पण त्यांच्या चौकशीच्या कागदांत हिस्सेदारांच्या वंशावळी आहेत. भूमिहीन घराच्या चार पिढ्या सरकारी दप्तरात एकत्र सापडायच्या तर त्या इथे.

जन्ममृत्यूच्या वह्या आणि शाळा

खेड्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये. विदर्भात त्यांनाच कोतवाल बुक म्हणतात. त्यात मुलाचं नाव बहुधा नसतं. “मुलगा” किंवा “मुलगी”, बापाचं नाव, जात, तारीख, एवढंच. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल नोंद करून जायचा. तेव्हा भावंडांचा क्रम आधी घरातून लिहून घ्या आणि मग तारखा त्या क्रमात बसवा. मध्ये एखादी जास्तीची नोंद निघाली तर ते लहानपणी गेलेलं मूल. मृत्यूच्या वहीत त्याचा पुरावा मिळेल.

२०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने जिल्हा प्रशासनांनी जुन्या वह्या बाहेर काढल्या, पुष्कळशा स्कॅन केल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार टाकल्या. तुमचा पूर्वज कुठल्याही जातीचा असो, त्याच पानांवर शेजारच्या ओळीत तो असू शकतो. तालुक्याला खेटा घालण्याआधी हे बघून घ्या.

कसब्यात घडलेले जन्म-मृत्यू मात्र नगरपरिषदेच्या वहीत. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जायची, त्यामुळे बाप गिरणीत असला तरी थोरल्या मुलाची नोंद आईच्या गावात. कसब्यात थोरला सापडत नाही म्हणून थांबू नका.

शाळेचं दप्तर म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर, पश्चिम महाराष्ट्रात जनरल रजिस्टर. यातला “पालकाचा धंदा” हा रकाना बघा. “गिरणी नोकर” लिहिलेलं असतं. “पूर्वीची शाळा” या रकान्यात खेड्याचं नाव आणि सोडल्याची तारीख असेल, तर कुटुंब गावातून कसब्यात नेमकं कधी आलं ते कळलं. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी दिलेली समजा. जूनमध्ये शाळा उघडायची, पोरगं सहा वर्षांचं दिसायचं, तारीख ठरून जायची.

नगरपरिषदेची घरपट्टीची जुनी आकारणी यादी हा न वापरला जाणारा कागद. गिरणीच्या चाळीत मालक म्हणून गिरणी कंपनीचं नाव असतं, म्हणून लोक ते पान उलटून टाकतात. शेजारचा भोगवटादाराचा रकाना वाचा. यादी घरक्रमाने असल्याने शेजारीपाजारीही कळतात, आणि चाळीतले शेजारी म्हणजे निम्म्या वेळा गाववाले. पूर्वजाचं मूळ गाव माहीत नसेल तर शेजाऱ्यांच्या नातवंडांना त्यांचं मूळ गाव विचारा.

मोडी आणि सनावळी

१९४०-५० पर्यंतचं पुष्कळसं गावदप्तर मोडीत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत आणि ओळ आधी आखून अक्षरं तिला लटकवलेली असतात. वाचता येत नसेल तर जाणकाराला काम द्या, पण देताना “काय लिहिलंय ते सांगा” असं म्हणू नका. ओळीला ओळ लिप्यंतर मागा. सारांशात नेमकं “हल्ली मु.” गळतं. वहीचा फोटो काढताना आधी मुखपृष्ठ, मग पानाचा आकडा दिसेल असं पूर्ण पान, मग नोंद जवळून. मुखपृष्ठ नसलेला फोटो सहा महिन्यांनी कुठल्या गावचा ते कळत नाही. स्वतः शिकायचं तर पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग भरतात.

शके असेल तर ७८ मिळवा, फसली (महसुली सन) असेल तर ५९०. निजामी मराठवाड्यात, म्हणजे नांदेड-औरंगाबादकडे, फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. तिथे जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवायचे. या एका वर्षाच्या चुकीने बापाआधी मुलगा जन्मलेला दिसतो.

गिरणीच्या बाजूचे कागद

आता गिरणी. कागदी पुरावा मिळण्याची खरी शक्यता १९५२ नंतर. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा त्या साली आला आणि पहिल्याच फटक्यात ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापडगिरण्या होत्या. पी.एफ.चा नंबर तीन तुकड्यांचा: विभागाचा संकेत, कारखान्याचा संकेत, कामगाराचा खाते क्रमांक. कारखान्याचा संकेत एका कामगाराच्या चिठ्ठीवरून कळला की तो त्या गिरणीतल्या सगळ्यांना चालतो. नामनिर्देशनाचा फॉर्म २ मिळाला तर सोनंच. त्यात बायकामुलांची नावं, वयं, नाती आणि पत्ता असतो. त्याआधीचं काही मिळणं हा नशिबाचा भाग. अपवाद काही मोठ्या गिरण्यांचा. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (सुरुवात १ जानेवारी १८७७) स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी १९०१ पासून होता.

गिरणीचं पुढे काय झालं ते आधी काढा, कारण कागद कंपनीच्या मागे जातात. बार्शी, चाळीसगाव, धुळे, नांदेड, औरंगाबाद, अचलपूर इथल्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या; आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७४ चा. तिथे माहिती अधिकारात अर्ज चालतो. खासगी गिरणी दिवाळखोरीत गेली असेल तर उच्च न्यायालयाच्या अधिकृत परिसमापकाकडे (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) कामगारांच्या देण्यांची यादी दाखल झालेली असते: नाव, तिकीट नंबर, खातं, देणं. संस्थानी मुलखातली गिरणी, उदाहरणार्थ कोल्हापूरची १९०६ ची शाहू मिल, असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातलं संस्थानचं दप्तर बघावं.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्राच्या कार्यालयांत एका विषयाचा आणि १५० शब्दांत हवा; शुल्क १० रुपये. “माझ्या आजोबांची सर्व माहिती द्या” असं लिहिलं की “माहिती उपलब्ध नाही” हे उत्तर ठरलेलं. कागदाचं नाव, गिरणीचं नाव, सालांची मर्यादा लिहा, आणि कागद नष्ट केला असेल तर नष्ट केल्याच्या नोंदवहीची प्रत मागा. महसूल दप्तरात “अ” वर्गाचे कागद कायमचे, “ब” वर्गाचे तीस वर्षांचे, “क” आणि “ड” त्याआधीच जातात. आपला कागद कुठल्या वर्गाचा हे अर्जाआधी विचारलं तर खेपा वाचतात.

पूर्वज गिरणीत अपघाताने गेला असं घरात सांगत असतील तर कामगार भरपाईचं प्रकरण शोधा. कायदा १९२३ चा. मृत्यूच्या प्रकरणात पैसे आयुक्तांकडे जमा होत आणि वाटपाआधी अवलंबितांची चौकशी होई. विधवेचं नाव, मुलांची वयं, मूळ गाव, सगळं एका कागदावर. त्याआधीच्या अपघाताला असं प्रकरण असण्याचं कारण नाही, तेव्हा वेळ घालवू नका.

कागद नसले तर काळ तरी पक्का करा

खातं कळलं तर दिवस कळतो. ब्लो रूममध्ये गाठी फोडायच्या. धुरळा सगळ्यांत जास्त तिथे आणि कार्ड खात्यात. मृत्यूच्या नोंदीत “दमा” किंवा “खोकला” दिसला आणि माणूस या खात्यांतला असेल तर कापसाच्या धुरळ्याने फुप्फुसाला होणारा आजार असण्याची शक्यता लिहा, निदान मात्र करू नका. रिंग खात्यात साइडर आणि भरलेल्या बॉबिन काढणारी डॉफर पोरं. रीळ आणि वाइंडिंगमध्ये बायका, त्यांच्यावर नायकीण. तुमची पणजी गिरणीत होती असं ऐकलं असेल तर याच खात्यांपासून सुरुवात करा. ताण्याला खळ लावायचं ते सायझिंग. साचा म्हणजे माग, आणि साचे खात्यातला माणूस म्हातारपणी मोठ्याने बोलतो, कारण मागांच्या खडखडाटाने कान गेलेले असतात.

कोण कुठल्या खात्यात, हे जातीवरही ठरायचं. मुंबईच्या गिरण्यांत दलितांना साचे खात्यात घेत नसत. धोट्याच्या (मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनाच्या) भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी ही अडवणूक उघड मांडली. सोलापुरात मागांवर पद्मशाली मोठ्या संख्येने होते. नागपूर-विदर्भात जुन्या हातमागाच्या घरांतून, कोष्टी आणि महार दोन्ही, माणसं गिरणीत आली. तेव्हा मुंबईचं चित्र उचलून पुलगावला चिकटवू नका, गावागणिक तपासा. सोलापूरच्या गिरण्यांत सेटलमेंटमधून, म्हणजे सरकारने “गुन्हेगार” ठरवलेल्या जमातींना ठेवलेल्या तारेच्या कुंपणातून, आणलेले कामगारही होते. घरात “सेटलमेंट” हा शब्द दबक्या आवाजात निघत असेल तर विचारताना सबुरी ठेवा.

कामाचे तास कायद्यावरून ठरवता येतात. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालची मुलं बंद, १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांखालची. बायकांना अकरा तासांची मर्यादा आणि आठवड्याला सुट्टी तेव्हापासून. कापडगिरणीत पुरुषांना बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली, आठवड्याला साठ तास १९२२ मध्ये, चौपन्न १९३४ मध्ये, अठ्ठेचाळीस १९४६ मध्ये. “आजोबा आठव्या वर्षी लागले” आणि जन्म १९०० चा, असं जुळत असेल तर नोंदीत वय वाढवून सांगितलेलं असणार. वयाचा दाखला डॉक्टर द्यायचा तो पोराचे दात आणि अंगकाठी बघून. पुढे पी.एफ.च्या कागदात तेच वाढवलेलं वय चालत येतं, आणि मग शाळा, पी.एफ. आणि मृत्यूची नोंद यांत तीन जन्मसालं निघतात. तिन्ही लिहा, कुठल्या कागदात कुठलं ते लिहा, आणि जन्माच्या सगळ्यांत जवळ लिहिलेला कागद वर ठेवा.

नोकरीत खंड दिसला तर माणसाला काढलं असंच समजू नका. पेरणीला आणि सुगीला कामगार गावी जायचा आणि जागी बदली द्यायचा. संपाच्या महिन्यांतही खंड पडतो. मुंबई इलाख्यातले गिरणीवार संप १९२१ पासून निघणाऱ्या लेबर गॅझेटमध्ये महिन्यागणिक सापडतात. अमळनेरच्या कुटुंबांनी सानेगुरुजींचं “काँग्रेस” साप्ताहिकही चाळावं. ते १९३८ मध्ये अमळनेरहूनच सुरू झालं.

भाट, हेळवी, तीर्थोपाध्याय

वंशावळी राखणारेही असतात: खानदेश-विदर्भात घराण्याचा भाट, दक्षिणेला कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तीर्थावर गेलात तर कसब्याचं नाव सांगून उपयोग नाही. मूळ गाव, जात आणि आडनाव लागतं, कारण वह्या त्याच क्रमाने लावलेल्या असतात. तिथल्या नोंदीखाली तुमच्या माणसाची स्वतःची सही किंवा अंगठा असू शकतो, तो आधी बघा. भाटाच्या वंशावळीतल्या शेवटच्या चार-पाच पिढ्या साधारण खऱ्या निघतात. त्याच्यावर कुळ थेट राजघराण्याला नेऊन भिडवलेलं असतं, ते ऐकावं आणि दक्षिणा द्यावी.

लिहून ठेवताना

प्रत्येक कागदाला एक पान द्या: कागदाचं नाव, गाव, वही, पान, तारीख, जशीच्या तशी नक्कल, आणि खाली वेगळ्या रंगात तुमचा अर्थ. नक्कल आणि अर्थ एकाच परिच्छेदात मिसळले की वर्षभराने तुम्हालाच वेगळं करता येत नाही. जे फक्त ऐकलं आहे त्याच्यापुढे सांगणाऱ्याचं नातं आणि ऐकल्याची तारीख टाका. वंशावळ काढताना निपुत्रिक गेलेले, लहानपणी गेलेले आणि मुली, सगळ्यांना जागा द्या. भाटांच्या वह्यांनी मुली वगळल्या म्हणून आपणही वगळायचं कारण नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि जातीचे दाखले फिरवायच्या प्रतीतून काढून टाका.

फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नाही. शाई पुढे उमटते. आणि तयार झालेल्या प्रतीचा एक संच गावातल्या भाऊबंदांकडे नक्की पोचवा. दगडूच्या नातवाच्या घरातही एक ट्रंक असते, आणि तुमची वही हातात पडल्याशिवाय तो ती उघडत नाही.